जुन्या संगणकाचा बॅकअप नव्या संगणकावर उतरवताना

विंडोज १० या प्रणालीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा किंवा त्या तोडीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक घरगुती संगणकसुद्धा नव्या प्रणालीच्या पात्रतेत बसले नाहीत आणि अनेक घरांत नवा लॅपटॉप आला. जुन्या संगणकावरच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलेला आहे, आता तो नव्या संगणकावर उतरवायचा आहे, अशा वाचकांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. विषय फक्त वैयक्तिक फाइलींचा आहे. विंडोज किंवा इतर सॉफ्टवेअर जसेच्या तसे उचलून दुसऱ्या संगणकावर बसवण्याचा यात विचार नाही, कारण तसे करू नये असेच माझे मत आहे. त्याचे कारण पुढे ओघात येईल.

या कामाबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. कॉपी पूर्ण झाल्याची खिडकी पडद्यावरून नाहीशी झाली म्हणजे फाइली परत मिळाल्या, असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात फाइल उघडते, तिच्यातला मजकूर वाचता येतो आणि ती आपल्याला हवी असलेलीच आवृत्ती आहे याची खात्री होते, तेव्हा ती परत मिळालेली असते. कॉपी होणे आणि खात्री होणे यांच्यामध्ये बरेच काम असते, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत ते अधिकच असते.

डिस्क जोडण्यापूर्वी

जुना संगणक बंद पडला असेल, विकला गेला असेल किंवा दुकानात एक्स्चेंजमध्ये दिला असेल, तर हातातली डिस्क हा आता बॅकअप राहिलेला नसतो. ती त्या फाइलींची एकमेव प्रत असते आणि तिला मूळ प्रतीच्याच काळजीने हाताळायला हवे. जुना संगणक अजून घरात असेल, तर नव्या संगणकावर सर्व काही तपासून होईपर्यंत तो कोणालाही देऊ नये आणि फॉरमॅटही करू नये. बॅकअपमध्ये काय राहून गेले आहे हे ती वस्तू शोधू लागल्यावरच कळते, आणि तेव्हा जुना संगणक हाच एकमेव आधार असतो. जुना संगणक चालू होत नसला तरी त्यातली डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून यूएसबी केसमध्ये बसवली की बाहेरच्या डिस्कसारखी वाचता येते. मात्र ती बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा सोयीने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ही की बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने जुन्या संगणकावर लॉगइन केले होते, त्याच खात्यात ऑनलाइन साठवलेली सापडते.

शक्य असेल तर कामाला हात घालण्याआधी दुसरी एक डिस्क आणून बॅकअपचे संपूर्ण फोल्डर तिच्यावर उतरवून घ्यावे. यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात हे खरे आहे. तरीही कुटुंबाचे वीस वर्षांचे फोटो, आईवडिलांची कागदपत्रे आणि मुलांच्या लहानपणीचे व्हिडिओ एकाच जुन्या फिरत्या डिस्कवर असताना, तास न् तास अखंड वाचनाचा ताण तिच्यावर पुन्हा पुन्हा टाकण्यापेक्षा एकदाच सगळे उतरवून घेणे आणि पुढचे सारे प्रयोग त्या दुसऱ्या प्रतीवर करणे कधीही श्रेयस्कर ठरते.

लॅपटॉप चार्जरवर ठेवावा आणि डेस्कटॉप असल्यास यूपीएसवर चालवावा. पॉवर सेटिंग्जमध्ये स्लीपची वेळ तात्पुरती ‘नेव्हर’वर न्यावी, म्हणजे मध्यरात्री संगणक झोपून कॉपी अर्धवट राहणार नाही. वेळेचा अंदाजही आधी घ्यावा. यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे २०० जीबीला दोन तासांच्या जवळपास लागतात. तीच डिस्क यूएसबी ३ ची असेल आणि त्याच पोर्टला लावली, तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळून हे काम साधारण अर्ध्या तासात होऊ शकते. हजारो लहान फाइली असतील तर दोन्ही आकडे बरेच वाढतात. त्यामुळे वेग मंदावला म्हणून केबल ओढून काढू नये.

डिस्क जोडल्यावर येणाऱ्या दोन सूचनांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी सूचना आली, तर कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नये. डिस्क मॅक संगणकावर तयार केलेली असेल, तिच्यावरचा फाइलींच्या नोंदींचा तक्ता बिघडला असेल किंवा केबल सैल असेल, तरीही विंडोज हीच सूचना दाखवते. फॉरमॅटला होकार दिल्यावर मात्र साधी अडचण मोठ्या नुकसानीत बदलते. दुसरी सूचना डिस्क तपासून दुरुस्त करण्याची असते. ती तुलनेने निरुपद्रवी असली, तरी आधी फाइली उतरवून घ्याव्यात आणि मगच दुरुस्तीचा विचार करावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती वारंवार नाहीशी होत असेल, तर स्वतःचे प्रयत्न तिथेच थांबवावेत आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक अशा डिस्कचे आयुष्य घटत असते.

बॅकअप कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखणे

बॅकअप कोणत्या पद्धतीने घेतला होता हे वर्षांनंतर क्वचितच आठवते, पण डिस्क उघडताच ते समजते. फोल्डर जुन्या संगणकावर होते तसेच दिसत असतील, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे, आणि फाइलींची नावे साधी असतील, तर कोणीतरी हाताने कॉपी केलेली आहे आणि काम सर्वांत सोपे आहे. ‘फाइलहिस्टरी’ या जोडशब्दाचे फोल्डर दिसले, तर विंडोजच्याच फाइल हिस्टरी या सोयीने तो बॅकअप घेतलेला आहे. जुन्या संगणकाच्या नावाचे एखादे फोल्डर असेल आणि त्यात ‘बॅकअप सेट’ नावाची फोल्डर व झिप फाइली भरलेल्या असतील, तर तो विंडोज ७ च्या काळातल्या पद्धतीचा बॅकअप आहे. ती पद्धत विंडोज १० मध्येही उपलब्ध होती. ‘विंडोजइमेजबॅकअप’ असे फोल्डर असेल, तर ती संपूर्ण प्रणालीची प्रतिमा, म्हणजे विंडोजसह सगळ्या ड्राइव्हची एकसंध नक्कल आहे. डिस्कसोबत आलेल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने बॅकअप घेतला असेल, तर वेगळ्याच नावाच्या फाइली दिसतील आणि त्या उघडायला तेच सॉफ्टवेअर नव्या संगणकावर बसवावे लागेल. अशा सॉफ्टवेअरला त्या वेळी पासवर्ड दिला होता का, हे कुटुंबात सर्वांना विचारून घ्यावे.

पोहोचण्याची जागा आधी तयार करावी

नव्या संगणकावर फाइली थेट डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्समध्ये उतरवू नयेत, असा माझा आग्रह आहे, आणि याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवण सोयीचे आहे. विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केले, तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर अनेकदा वनड्राइव्हशी जोडली जातात. त्यात फुकट मिळणारी जागा फक्त ५ जीबी असते. तिथे २०० जीबी फाइली ओतल्या की त्या इंटरनेटवर चढू लागतात, थोड्याच वेळात जागा संपल्याची सूचना येते, घरातल्या इंटरनेटवर भार पडतो आणि कोणती फाइल संगणकावर आहे व कोणती ढगात आहे याचा पत्ताच लागत नाही. म्हणून वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन या फोल्डरांचा बॅकअप आधी थांबवावा. नंतर विचारपूर्वक तो पुन्हा सुरू करता येतो.

दुसरे कारण गुंत्याचे आहे. नव्या संगणकावर काही दिवस काम झालेले असेल आणि त्याच फोल्डरांत जुन्या फाइली टाकल्या, तर एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर येतात आणि विंडोज विचारते की तिथे आधीपासून असलेली फाइल बदलायची का. रात्री उशिरा, शंभराव्या वेळी आलेल्या या प्रश्नाला विचार न करता होकार दिला जातो आणि नवी फाइल जुन्या फाइलीखाली पुसली जाते. त्यापेक्षा सी ड्राइव्हवर, किंवा डी ड्राइव्ह असल्यास तिथे, ‘जुना संगणक’ असे सरळ नावाचे फोल्डर तयार करावे आणि सर्व काही आधी त्यात उतरवावे. वर्गवारी नंतर सावकाश करता येते.

या फोल्डराचे नाव आणि जागा आखूड ठेवण्यालाही अर्थ आहे. विंडोजमधले बरेच कार्यक्रम अजूनही फाइलीचा संपूर्ण मार्ग, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलीच्या नावापर्यंतचा सगळा, २६० वर्णांच्या आत असावा अशी अट पाळतात. ही मोजणी आपण मराठीत अक्षरे मोजतो तशी होत नाही. ‘दिवाळी’ हा आपल्या दृष्टीने तीन अक्षरांचा शब्द संगणकाच्या मोजणीत सहा वर्णांचा होतो, कारण प्रत्येक वेलांटी आणि काना वेगळा मोजला जातो, आणि जोडाक्षरात हलन्तचाही वेगळा वर्ण येतो. ‘गणेशोत्सव २०१२ सोसायटीचा सांस्कृतिक कार्यक्रम’ अशा नावांची फोल्डर एकात एक असली, तर ही मर्यादा अपेक्षेपेक्षा फार लवकर ओलांडली जाते आणि नेमक्या त्याच फाइली कॉपी न होता मागे राहतात.

फाइल हिस्टरीतून परत आणताना

ही सोय विंडोज ८ पासून आली. ती मूळ फोल्डरांची रचना जपते. बाहेरच्या डिस्कवर ‘फाइलहिस्टरी’च्या आत वापरकर्त्याचे नाव, त्याच्या आत संगणकाचे नाव, मग ‘डेटा’, मग ‘सी’, ‘युजर्स’ आणि त्यापुढे ओळखीचे डॉक्युमेंट्स व पिक्चर्स अशी उतरंड असते. फाइली साध्या स्वरूपातच असतात, त्यामुळे एक्सप्लोररमधून त्या सरळ उघडता येतात. फरक नावात असतो. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे कंसात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि ‘यूटीसी’ अशी अक्षरे जोडलेली असतात, आणि एकच फाइल जितक्या वेळा बदलली तितक्या तिच्या आवृत्त्या शेजारी शेजारी दिसतात. यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. म्हणजे १० वाजून ३० मिनिटे अशी खूण असलेली आवृत्ती आपल्याकडे दुपारी चार वाजता घेतली गेली होती, आणि पहाटे घेतलेल्या आवृत्तीवर आदल्या दिवसाची तारीख पडलेली असते. दोन आवृत्त्यांमधली नेमकी कोणती हवी हे ठरवताना हा फरक ध्यानात ठेवावा. ही जोडणी २६ वर्णांची भर घालते, त्यामुळे वर सांगितलेली मर्यादाही आणखी लवकर गाठली जाते.

फाइली मोजक्या असतील तर त्या एक्सप्लोररमधून कॉपी करून, सर्वांत अलीकडची आवृत्ती ठेवून, नावातली खूण हाताने काढावी. फाइली हजारोंनी असतील तर विंडोजच्याच सोयीने त्या मूळ नावांनिशी परत आणणे शहाणपणाचे आहे. विंडोज ११ मध्ये ही सोय सेटिंग्जमध्ये सापडत नाही. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘कंट्रोल पॅनेल’ असे लिहून ते उघडावे, ‘सिस्टम अँड सिक्युरिटी’मध्ये जावे आणि ‘फाइल हिस्टरी’ निवडावी. डावीकडे ‘सिलेक्ट ड्राइव्ह’ आहे. तिथे बाहेरची डिस्क निवडल्यावर, या डिस्कवरचा आधीचा बॅकअप वापरायचा आहे अशा अर्थाचा एक चौकोन दिसतो. त्यात खूण केल्यावर खालच्या यादीत जुन्या संगणकाचे नाव येते. ते निवडून पुढे जावे आणि मग डावीकडच्या ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’वर टिचकी द्यावी.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. फाइल हिस्टरी चालू झाली की नवा संगणक त्याच डिस्कवर स्वतःचा बॅकअपही लिहू लागतो. जुनी प्रत अस्पर्शित राहावी असे वाटत असेल, आणि तसे वाटायलाच हवे, तर हे काम दुसऱ्या प्रतीवर करावे आणि फाइली परत आल्यावर ‘टर्न ऑफ’ दाबून ही सोय त्या डिस्कपुरती बंद करावी.

उघडलेल्या खिडकीत खाली दोन बाण असतात. त्यांनी बॅकअपच्या वेगवेगळ्या तारखांमध्ये मागेपुढे जाता येते. मधले हिरवे बटण फाइल तिच्या मूळ जागी परत ठेवते, पण आपल्या परिस्थितीत ते वापरू नये. मूळ जागा म्हणजे जुन्या संगणकावरच्या वापरकर्त्याच्या नावाचे फोल्डर, आणि नव्या संगणकावर ते नाव बहुधा वेगळे असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केल्यास विंडोज ११ त्या फोल्डराला ईमेल पत्त्याच्या पहिल्या पाच अक्षरांचे नाव देते. म्हणून हव्या त्या फोल्डरावर उजवी टिचकी देऊन ‘रिस्टोअर टू’ निवडावे आणि आपण तयार केलेले ‘जुना संगणक’ हे फोल्डर दाखवावे.

फाइल हिस्टरीत काय नसते हेही सांगायला हवे. ती मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज आणि लायब्ररीत जोडलेली फोल्डर जपते. डी ड्राइव्हवर वेगळे फोल्डर करून ठेवलेले फोटो कोणी मुद्दाम जोडले नसतील, तर ते त्यात असणार नाहीत. वनड्राइव्हवरच्या ज्या फाइली फक्त इंटरनेटवर होत्या आणि संगणकावर उतरलेल्या नव्हत्या, त्याही नसतील. त्या जुन्या खात्याने लॉगइन करून तिथूनच मिळवाव्या लागतात.

विंडोज ७ पद्धतीचा बॅकअप आणि प्रणालीची प्रतिमा

विंडोज ७ पद्धतीच्या बॅकअपसाठी कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ या नावापुढे विंडोज ७ असे लिहिलेला पर्याय अजूनही आहे. त्यात ‘सिलेक्ट अनदर बॅकअप टु रिस्टोअर फाइल्स फ्रॉम’ निवडले की जोडलेल्या डिस्कवरचे बॅकअप तारखेसह दिसतात. फोल्डर निवडावीत, जागा विचारल्यावर मूळ जागेऐवजी आपले फोल्डर दाखवावे आणि उपफोल्डरांची रचना जपण्याच्या चौकोनात खूण करावी. ही सोय चाललीच नाही, तर त्या झिप फाइली एकेक करून उघडता येतात. पण त्यात एकच फोल्डर अनेक झिपमध्ये विखुरलेले असते, म्हणून हा शेवटचा उपाय समजावा.

प्रणालीची प्रतिमा वेगळ्या संगणकावर पुनःस्थापित करू नये. तिच्यात जुन्या मदरबोर्डचे ड्रायव्हर, जुना परवाना आणि जुनी विंडोज असते. वेगळ्या संगणकावर ती बहुधा सुरूच होत नाही, आणि या खटाटोपात नव्या डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते. मात्र त्या प्रतिमेतून फाइली काढता येतात आणि ही अत्यंत उपयुक्त गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. प्रतिमेच्या फोल्डरात व्हीएचडीएक्स किंवा व्हीएचडी प्रकारची एक मोठी फाइल असते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘अॅक्शन’मधून ‘अटॅच व्हीएचडी’ निवडावे, ती फाइल दाखवावी आणि ‘रीड ओन्ली’ची खूण करण्यास विसरू नये. मग जुन्या संगणकाचा संपूर्ण सी ड्राइव्ह एका नव्या अक्षराखाली दिसू लागतो. काम झाल्यावर तो ‘डिटॅच’ करावा.

‘परवानगी नाही’ असा संदेश आल्यास

जुन्या डिस्कवरचे फोल्डर उघडताना, आपल्याला ते पाहण्याची परवानगी नाही असा संदेश अनेकदा येतो आणि लोक घाबरतात. एनटीएफएस या विंडोजच्या साठवण पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलीला मालकाचा अंतर्गत क्रमांक जोडलेला असतो. नव्या संगणकावरचा वापरकर्ता नावाने तोच असला तरी त्याचा क्रमांक वेगळा असतो, म्हणून विंडोजच्या दृष्टीने तो परका ठरतो. अॅडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगइन केलेले असेल तर ‘कंटिन्यू’ दाबल्यावर बहुतेक वेळा फोल्डर उघडते. न उघडल्यास त्या फोल्डराच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’, मग ‘अॅडव्हान्स्ड’ येथे जाऊन ‘ओनर’समोरच्या ‘चेंज’वर आपले खाते द्यावे आणि उपफोल्डरांनाही ते लागू करण्याची खूण करावी. फाइल नव्या डिस्कवर कॉपी झाली की ती तिथल्या परवानग्या घेते आणि प्रश्न मिटतो.

फाइलींची नावे हिरव्या रंगात किंवा कुलपाच्या खुणेसह दिसत असतील, तर गोष्ट वेगळी आहे. त्या विंडोजने संकेतबद्ध केलेल्या असतात आणि जुन्या संगणकावरून काढून ठेवलेले प्रमाणपत्र नसेल, तर मालकी बदलूनही त्या उघडत नाहीत. जुना संगणक अजून चालू असेल तर हे काम तिथेच आधी उरकावे.

मराठी फाइली उघडताना

इथे मी जरा अधिक थांबणार आहे, कारण इंग्रजीतल्या सूचनापत्रांत हा भाग सहसा सापडत नाही आणि मराठी घरांतली सर्वांत मोलाची कागदपत्रे इथेच हरवतात.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी टायपिंग श्री-लिपी, आकृती, किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमधले डीव्हीटीटी-सुरेख, डीव्हीटीटी-योगेश अशा फाँटांत होत असे. या फाइलीत देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. त्यात रोमन अक्षरांचे व चिन्हांचे क्रमांक असतात आणि त्या क्रमांकांना देवनागरीचा आकार देण्याचे काम तो फाँट करतो. नव्या संगणकावर फाँट नसला, तर आजोबांनी लिहिलेल्या आठवणी, सोसायटीची जुनी इतिवृत्ते किंवा मुंजीची निमंत्रणपत्रिका उघडल्यावर फक्त विचित्र रोमन अक्षरे, त्यांच्यावरच्या खुणा आणि कंस दिसतात. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकली जाते, आणि हे नुकसान मग भरून येत नाही. कृपया अशी कोणतीही फाइल पुसू नये. ती पूर्णपणे शाबूत असते.

अशी फाइल वर्डमध्ये उघडावी आणि त्या विचित्र मजकुरावर कर्सर ठेवून वरच्या पट्टीतले फाँटचे नाव वाचावे. फाँट संगणकावर नसला तरी त्याचे मूळ नाव तिथे दिसते. ते नाव लिहून घ्यावे. फाँट वैयक्तिक फाइलींच्या बॅकअपमध्ये सहसा नसतात, कारण ते विंडोजच्या ‘फाँट्स’ या फोल्डरात असतात. जुना संगणक चालू असेल तर तिथून त्या नावाच्या फाइली कॉपी कराव्यात. तो चालू नसेल पण प्रणालीची प्रतिमा असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे ती जोडून त्यातल्या ‘विंडोज’ फोल्डराच्या आतल्या ‘फाँट्स’मधून त्या घ्याव्यात. नव्या संगणकावर फाँटवर उजवी टिचकी देऊन ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडावे आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडावे. विकत घेतलेले फाँट त्यांच्या परवान्याच्या अटींनुसारच वापरावेत. काही मराठी सॉफ्टवेअर डाँगलशिवाय, म्हणजे संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीशिवाय, चालत नाहीत, म्हणून तो लहानसा डाँगल जुन्या संगणकाच्या मागे लागलेला राहून भंगारात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

मजकूर वाचता येऊ लागला की तो युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. त्यासाठी फाँट-परिवर्तक मिळतात, पण प्रत्येक परिवर्तक विशिष्ट फाँटकुलासाठीच असतो, म्हणून आधी लिहून घेतलेले नाव इथेही लागते. परिवर्तनानंतर रफार, पोटातला उकार, ‘श्र’, ‘द्य’, ‘ह्य’ अशी जोडाक्षरे आणि आकडे विशेष लक्ष देऊन तपासावेत, कारण चुका बहुतेक तिथेच होतात. मूळ फाइल, तिचा फाँट आणि युनिकोडमधली नवी फाइल ही तिन्ही एकाच फोल्डरात ठेवावीत. सोबत फाँट असताना वर्डमधून तिची पीडीएफ करून ठेवली, तर मजकूर निदान डोळ्यांना तरी कायम वाचता येईल. अशा पीडीएफमधून शोध घेता येत नाही किंवा मजकूर नीट कॉपी होत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. पेजमेकर या छपाईच्या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फाइली त्याच्या जागी आलेल्या आजच्या इनडिझाइनमध्ये थेट उघडत नाहीत. त्यांच्या छापील प्रती घरात असतील तर त्या स्कॅन करून ठेवणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

मेल, ब्राउझर, हिशेब आणि फोटो

आउटलुकची पीएसटी, म्हणजे मेल साठवलेली फाइल क्लासिक आउटलुकमध्ये ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’मधून उघडता येते. ओएसटी ही मात्र सर्व्हरवरच्या मेलची फक्त नक्कल असते आणि ती दुसऱ्या संगणकावर चालत नाही, म्हणून तिथे खाते पुन्हा जोडावे. क्रोम किंवा एज या ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड जुन्या संगणकावरच्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात, त्यामुळे प्रोफाइलचे फोल्डर कॉपी करून ते परत येत नाहीत. जुना संगणक चालू असतानाच ब्राउझरच्या खात्यातून सिंक करावे. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच सॉफ्टवेअरच्या ‘रिस्टोअर’ पर्यायातून परत आणावा.

फोटोंच्या बाबतीत तारखांचा घोळ होतो. कॉपी केल्यावर ‘डेट क्रिएटेड’ ही आजची होते, ‘डेट मॉडिफाइड’ जुनी राहते आणि कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली ‘डेट टेकन’ बदलत नाही. म्हणून फोटो लावताना ‘डेट टेकन’ वापरावी. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंत ही नोंद नसते, पण त्यांच्या नावात वर्ष, महिना आणि दिवस असतो, त्यामुळे त्या फाइलींची नावे हौसेने बदलू नयेत.

जुन्या बॅकअपमधले ‘सॉफ्टवेअर’ किंवा ‘सेटअप’ नावाचे फोल्डर नव्या संगणकावर आणूच नये. त्यात वर्षानुवर्षांपूर्वी मित्रांकडून पेन ड्राइव्हवर घेतलेल्या, विषाणू दडलेल्या फाइली असण्याची शक्यता मोठी असते. बाकी सर्व फोल्डरांवरही विंडोज सिक्युरिटीतला स्कॅन चालवूनच फाइली उघडाव्यात.

तपासणी

मूळ फोल्डर आणि उतरवलेले फोल्डर या दोन्हींच्या ‘प्रॉपर्टीज’ शेजारी शेजारी उघडाव्यात आणि फाइलींची संख्या व ‘साइझ’ ताडून पाहावे. ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा ताडू नये, कारण एनटीएफएस आणि एक्सफॅट या पद्धती जागा वेगवेगळ्या आकाराच्या तुकड्यांत वाटतात आणि तो आकडा सगळे ठीक असतानाही वेगळा येतो. फाइल हिस्टरीच्या सोयीने फाइली आणल्या असतील तर डिस्कवर अनेक आवृत्त्या असल्याने संख्या जुळणारच नाही. तिथे फोल्डरागणिक निवडक तपासणी करावी लागते. आकडे जुळले तरी फाइली उघडून पाहाव्यात, आणि नुसत्या पहिल्या दोनचार नव्हेत. प्रत्येक मोठ्या फोल्डरातली सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि सर्वांत मोठी फाइल उघडावी. व्हिडिओ असल्यास तो मधून आणि शेवटून चालवून पाहावा, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओही सुरुवातीला अनेकदा नीट चालतो. मग कुटुंबातल्या प्रत्येकाला संगणकाजवळ बसवून त्याच्या कामाची कागदपत्रे त्यालाच शोधायला सांगावीत. काय हरवले आहे हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

एवढे झाल्यावर फाइली त्यांच्या नेहमीच्या फोल्डरांत हलवाव्यात आणि नव्या संगणकाचा बॅकअप शक्यतो नव्या डिस्कवर सुरू करावा. जुनी डिस्क आणि जुना संगणक पुढचे काही महिने, निदान आयकर विवरणपत्र भरण्याचा एक हंगाम उलटेपर्यंत, तसेच ठेवावेत, कारण जुनी कागदपत्रे शोधण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते. त्यानंतर जुना संगणक द्यायचा ठरला, तर विंडोजच्या ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून, ‘चेंज सेटिंग्ज’मधला ‘क्लीन डेटा’ चालू करूनच तो द्यावा.